साडेचार खण

नाटकाच्या शिबिरात पहिल्या दिवशी मी मुलांना संवाद देत नाही आणि गाणीही देत नाही. खडू घेते, जमिनीवर मोठा आयत काढते आणि त्याचे नऊ खण पाडते. पुढचे तीन, मधले तीन, मागचे तीन. मग सांगते, तुम्ही प्रेक्षकांकडे तोंड करून उभे राहिलात की तुमच्या उजव्या हाताला जे येतं ते मंचाचं उजवं. समोर बसलेल्यांचं उजवं-डावं विसरा, ते तिकीट काढून आलेत, त्यांचं ते बघून घेतील. मुलं हसतात. त्यानंतर प्रत्येक मुलाला मी नऊच्या नऊ खणांत उभं करते, एकही सुटू देत नाही. चौथीतलं एखादं पोर कंटाळतं, म्हणतं, बाई, झालं की आता. मी म्हणते, झालं नाही, अजून दोन खण राहिलेत. शाळेतल्या बायका मला हट्टी म्हणायच्या आणि ते खोटं नव्हतं. निवृत्त झाले तरी हट्ट गेलेला नाही, आणि तो कुठून आला हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. रंगमंचाला नऊ खण असतात हे मला स्वतःला सतराव्या वर्षी कळलं. तोवर मी साडेचारच धरून चालले होते.

आमचं गाव खालापूर तालुक्यातलं, माथेरानच्या पायथ्याचं. नाव लिहीत नाही. गाव आता सुधारलं आहे, फार्महाऊसं आली आहेत, जुन्या गोष्टी काढून त्याला कशाला खजील करा. बौद्धवाडी गावाच्या खालच्या अंगाला, ओढ्याच्या अलीकडे. दोन खोल्यांचं घर, पुढे सारवलेलं अंगण, कडेला शेवग्याचं झाड. माझे वडील, त्यांना आम्ही आबा म्हणायचो, मोहोपाड्याच्या बाजूला एका कारखान्यात जायचे, सायकलने. कायम नव्हते, ठेकेदाराकडे होते. काम काय, तर रिकामे ड्रम धुवायचे. कुठलं रसायन कुठल्या ड्रममध्ये होतं हे त्यांना कुणी सांगत नसे. ते वासावरून ओळखायचे आणि घरी येऊन आम्हाला सांगायचे, आज लसणीच्या वासाचं होतं, आज सडक्या आंब्याच्या. आई त्यांचे कपडे वेगळ्या बादलीत भिजवायची. वारा त्या बाजूचा असला की कारखान्याचा भोंगा आमच्या अंगणापर्यंत ऐकू यायचा, आणि आबा सुट्टीच्या दिवशीसुद्धा तो ऐकून दचकायचे. रविवारी मात्र घराला वेगळाच वास असायचा. चुलीवर तांदळाच्या भाकऱ्या, वालाचं बिरडं, निखाऱ्यावर भाजलेले बोंबील. आबा पोटभर जेवायचे, हात धुवायचे आणि कोपऱ्यातली काठी घेऊन अंगणात रंगमंच आखायला घ्यायचे.

आबा नट होते. हे वाक्य लिहायला मला इतकी वर्षं लागली याची लाज वाटते. जयंतीला विहारापुढे ते गाणी म्हणायचे, सोंगं करायचे, आणि ऐकणाऱ्याला रडवायचे. ते ऐकून गावातल्या शाळेचे नाना मास्तर एकदा आमच्या वाडीत आले. नाना दर वर्षी चैत्रातल्या जत्रेत गावाचं नाटक बसवत. पांढरं धोतर, खिशाला शाईचा डाग, आवाज खणखणीत. त्यांनी आबांना नाटकात घ्यायचं ठरवलं आणि गावाने आक्षेप घेतला. अडचण माणसाची नव्हती, असं सगळेच म्हणत. अडचण चौथऱ्याची होती.

आमच्या गावचा रंगमंच म्हणजे देवळाचा दगडी चौथरा. पण तो नाटकाला अर्धाच पुरायचा. म्हणून त्याला लागून, ओढ्याच्या बाजूला, ड्रम मांडायचे आणि त्यावर फळ्या टाकायच्या. उजवा अर्धा मंच दगडाचा, डावा अर्धा फळ्यांचा. वर सतरंजी अंथरली की समोरून काही कळायचं नाही. आमच्या माणसांनी देवळाच्या चौथऱ्यावर चढायचं नाही, हा गावचा जुना नियम. तेव्हा नानांनी तोड काढली आणि ती सगळ्यांना पटली. सदू, म्हणजे आबा, फळ्यांवर राहील. येईल ओढ्याकडून, जाईल ओढ्याकडे, कपडे बदलेल आंब्याखाली. बाकीची मंडळी देवळाच्या मंडपात रंगतील आणि तिकडून येतील. दगड लागतो तिथे सदू थांबेल. नानांना यात आपण काही वाईट करतो आहोत असं वाटलं नसणार. उलट त्यांनी सदूसाठी गावाशी भांडण घेतलं होतं, आणि निम्मं का होईना, ते जिंकले होते. ते ड्रमसुद्धा आबांनीच कारखान्याच्या भंगारातून आणले, घासून, दोन दोन करून सायकलला बांधून. ज्या निम्म्या मंचावर त्यांना उभं राहायची मुभा होती तो त्यांनी स्वतःच वाहून आणला होता.

माझ्या आईला हे सगळं मुळीच मान्य नव्हतं. ती कमी बोलायची, पण भाकरी थापता थापता एकदा बोलली ते माझ्या कानात आहे. "ज्या देवळाला आपण सोडलं, त्याच्याच पुढ्यात कशाला जाताय तुमी? त्यांनी आर्धी फळी दिली म्हनून?" आबा म्हणाले, "देवळात नाय गं जात. नाटकात जातो." आईने पुढची भाकरी जरा जोरातच तव्यावर टाकली. वाडीतले इतरही लोक नाक मुरडायचे. म्हणजे आबांना गाव निम्मं धरत होतं आणि वाडी त्याबद्दल निम्मं सोडत होती. पण जत्रेच्या आधी महिनाभर त्यांच्या अंगात जे यायचं ते मी पाहिलं आहे. ड्रम धुणारा, वाकून चालणारा माणूस काठी हातात घेतल्याबरोबर ताठ व्हायचा.

अंगणात ते चौकोन आखायचे तो फळ्यांच्या मापाचा. तीन बाजूंची रेघ हलकी, उजव्या बाजूची खोल, काठी दोनदा ओढलेली. मी त्या खोल रेघेपलीकडे पालथ्या उखळावर पुस्तक घेऊन बसायची. आबांना वाचता यायचं, पण अक्षराला अक्षर जोडत, त्यामुळे त्यांचं पाठांतर माझ्या तोंडून व्हायचं. मालक मी, मालकीण मी, मुकादम मी. आबा दर वर्षी गडी, भालदार, फकीर किंवा वेडा, कारण ही माणसं कुठूनही येतात आणि कडेला उभी राहतात. बोलत बोलत ते त्या रेघेपर्यंत यायचे, थांबायचे आणि वळायचे. मला वाटायचं, नाटकात तिथे भिंत असते. मालक भिंतीच्या पलीकडून बोलतो, गडी अलीकडून. आठव्या वर्षापासून मी हेच बघत आले होते, मग शंका कशी येणार? आज माझ्या खडूच्या आखणीवरून हिशेब केला तर डावे तीन खण पुरते, आणि मधल्या तिन्हींचे अर्धे अर्धे. तेवढा आबांचा रंगमंच होता.

मी अकरावीला गेले त्या वर्षी नानांनी जे नाटक काढलं त्यात पहिल्यांदा गड्यालाच मोठं काम होतं. एका जमीनदाराच्या घरात आयुष्य काढलेला म्हातारा गडी. शेवटच्या प्रवेशात मालक मरणाला टेकलेला, उजवीकडे खाटेवर. गडी निरोप घ्यायला येतो. पुस्तकाचं मुखपृष्ठ फाटलेलं होतं, आतली पानं जुनी होऊन पिवळी पडली होती. वाचता वाचता माझं बोट एका कंसावर थांबलं. त्यात छापलं होतं, गडी खाटेजवळ जातो आणि मालकाच्या उशाशी बसतो. आबा मात्र नेहमीसारखे रेघेपाशी उभे राहून हात जोडत होते. मी म्हटलं, "आबा, हितं तर लिवलंय, तुमी खाटेजवळ जाता."

आबांनी हात खाली घेतले. म्हणाले, "पुस्तकातली जमीन सारखी आसती. आपली नाय."

त्या क्षणी मला ती रेघ काय आहे ते कळलं. कुणी समजावून सांगितलं नाही. उखळ टोचायला लागलं म्हणून मी उठले, आणि उठल्यावर कुठे उभं राहावं ते सुचेना, कारण मी इतकी वर्षं दगडाच्या बाजूला बसत आले होते.

जत्रेत ते नाटक झालं. दुसऱ्या अंकात मालक गड्याला शाल देतो. पोलीस पाटलांचा विलास मालक झाला होता. त्याने शाल फळ्यांवर टाकली आणि आबांनी ती उचलली. शेवटी आबांनी सहा हातांवरून हात जोडले आणि "मालक, निघतो मी" म्हणाले. बायका रडल्या. कुणाला काही खटकलं नाही. मला खटकलं, आणि आपल्याला खटकतंय याचा मला आबांवरच राग आला. त्या वयात राग असाच जवळच्या माणसावर निघतो.

नाटक गाजलं म्हणून नानांनी ते स्पर्धेत घातलं. मोहोपाड्याला कामगारांच्या वसाहतीत एक सभागृह होतं, तिथे आसपासच्या मंडळांची स्पर्धा असायची. आमचा नंबर रविवारी सकाळी अकराचा लागला. आबा त्या वसाहतीच्या कुंपणाबाहेरून रोज जात होते, आत कधी गेले नव्हते. ठेकेदाराच्या माणसांना आत काम नसे. आणि त्याच आठवड्यात आमच्या प्रॉम्प्टरला कावीळ झाली. नाना आमच्या अंगणात येऊन उभे राहिले आणि मला म्हणाले, सगळं नाटक तुला पाठ आहे, तूच बस. मग त्यांनी मला प्रॉम्प्टरचं काम शिकवलं. कुजबुज अशी करायची की नटाला ऐकू जाईल आणि पहिल्या रांगेला जाणार नाही. नट थांबला म्हणजे विसरला असं लगेच समजायचं नाही, तीन आकडे मोजायचे. आणि सगळ्यात महत्त्वाचं त्यांनी बोट वर करून सांगितलं: "शब्द द्यायचा, पोरी. हालचाल द्यायची नाही. कुठं जायचं, कुठं बसायचं ते नटाचं आणि माझं."

मी ते मुकाट्याने लक्षात ठेवलं. चांगली विद्यार्थिनी होते मी.

टेंपोतून निघालो. त्या दिवशी आईसुद्धा आली. ती जत्रेच्या नाटकाला कधी आली नव्हती, पण तितं देऊळ नाय, मग येते, म्हणाली. फडक्यात भाकऱ्या आणि सुकटीची चटणी बांधून घेतली होती. सभागृहात शिरलो आणि मी मंच बघून थक्क झाले. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकच लाकूड. कुठे सांधा नाही, उंचसखल नाही. तिथला दिवे लावणारा माणूस खडूने खुणा करत होता. कुठल्या दिव्याखाली कुठला खण येतो हे कळावं म्हणून त्याने नऊ खण पाडले आणि आमच्या मंडळींना घाईघाईने समजावून सांगितले. हे पुढचं मधलं, हे मागचं उजवं, मधल्या खणात उजेड सगळ्यात जास्त. विलास आणि बाकीचे फिरून बघत होते. आबा डाव्या विंगेच्या तोंडाशी उभे होते. नाना त्यांच्याजवळ गेले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "सदा, इथं चौथरा नाही. शेवटी खाटेजवळ जा, पुस्तकात आहे तसा उशाशी बस." विलास खाटेवर बसून बघत होता. त्याने मान हलवली. कुणी हरकत घेतली नाही. एवढं सोपं होतं ते.

आबा विंगेतून बाहेर आले आणि मधल्या खणापर्यंत चालत गेले. तिथे उभं राहून रिकाम्या खुर्च्यांकडे बघत राहिले. मग खाली उतरून आईकडे गेले. ती तिसऱ्या रांगेत बसली होती. तिला म्हणाले, "आज बघ गं. आज उशाशी बसतो." आईने पदर सारखा केला. ती खूष झाली होती हे मला तिच्या पाठीवरून कळत होतं.

मी डाव्या विंगेत स्टुलावर बसले, पुस्तक मांडीवर. पहिले दोन अंक सरळ गेले. आबांनी एकही शब्द चुकवला नाही, आणि नव्या दिव्यांच्या उजेडात त्यांचा चेहरा मला अनोळखी वाटत होता, एखाद्या मोठ्या माणसाचा असावा तसा. शाल देताना विलास खरंच दोन पावलं पुढे आला होता, पण आबांनी सवयीने हात लांबवले नाहीत, आणि शाल पुन्हा खालीच पडली. तेव्हा मला थोडी भीती वाटली. शेवटचा प्रवेश सुरू झाला. विलास खाटेवर आडवा, कण्हत. आबा माझ्या अंगावरून मंचावर गेले. त्यांच्या धोतराचा काठ माझ्या गुडघ्याला लागला. एक, दोन, तीन, चार पावलं. चौथ्या पावलाला ते मधल्या खणाच्या ऐन मध्यावर पोचले आणि थांबले.

उजवा पाय उचललेला होता. तो पुढे पडेना. विलासने खाटेवरून हात पुढे केला. तालमीत हे नव्हतं, त्याने आपल्या मनाने केलं, आणि एवढ्यासाठी मी त्याला आयुष्यभर चांगलं म्हणत आले आहे. आबा त्या हाताकडे बघत राहिले. सभागृहात कुणी खोकत नव्हतं. मी तीन आकडे मोजले. माझं बोट त्या कंसावर होतं, गडी खाटेजवळ जातो आणि उशाशी बसतो, त्या अक्षरांवर. ते माझ्यापासून फार तर सात-आठ हातांवर होते. पुढं व्हा आबा, एवढंच म्हणायचं होतं. पण नाना समोरच्या विंगेत उभे होते. शब्द द्यायचा, हालचाल द्यायची नाही. आणि खरं सांगायचं तर नियम हे निमित्त झालं, मी घाबरले होते. शांतता लांबत चालली होती, सगळे आबांकडे बघत होते, मला ते सहन होईना. मी त्यांना पुढचं वाक्य दिलं. "मालक, निघतो मी."

आबांनी ते ऐकलं. उचललेला पाय मागे घेतला, तिथूनच हात जोडले आणि म्हणाले, "मालक, निघतो मी." मग वळले आणि माझ्या विंगेतून बाहेर गेले. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. पडदा पडला आणि मी इतक्या टाळ्या त्याआधी कधी ऐकल्या नव्हत्या.

निकाल दुपारी लागला. परीक्षक पुण्याहून आले होते, हडकुळे, गळ्यात चष्म्याची दोरी. ते आमच्या नाटकावर बराच वेळ बोलले. म्हणाले, या दिग्दर्शकाने मंचाची जागा कशी वापरली ते शिकण्यासारखं आहे. गडी सगळं नाटकभर डाव्या बाजूलाच राहतो. मध्यरेषा एकदाही ओलांडत नाही. शाल हातात दिली जात नाही, जमिनीवर पडते. शेवटी वाटतं, आता तरी हा माणूस ओलांडेल. पाय उचलतो. आणि ओलांडत नाही. "शेकडो वर्षांची गुलामी या दिग्दर्शकाने एका पावलात दाखवली," असं ते म्हणाले, ते शब्द मला जसेच्या तसे आठवतात. मग त्यांनी उत्कृष्ट दिग्दर्शनाची ढाल नानांना दिली आणि विचारलं, ही कल्पना तुम्हाला कशी सुचली, दोन शब्द बोला.

नाना माइकसमोर उभे राहिले. त्यांची मान खाली होती. मी वाट बघत होते, आबाही बघत असणार. चौथरा, ड्रम, आंब्याखालची रंगभूषा, एवढं जरी म्हणाले असते तरी चाललं असतं. नाना म्हणाले, "सुचलं." आणि ढाल घेऊन खाली उतरले. आबांना उत्तेजनार्थ एक प्रमाणपत्र मिळालं. त्यावर त्यांचं आडनाव चुकलं होतं.

टेंपोतून परत निघालो. ढाल नानांच्या मांडीवर होती आणि खड्ड्यांत ती खडखडायची. भाकऱ्या तशाच राहिल्या होत्या. घरी आल्यावर आईने चूल पेटवली, तेल कोमट केलं आणि आबांच्या पायांना लावत बसली, ते कुठून तरी फार लांबून चालत आले असावेत तशी. मी दारात उभी होते. न राहवून विचारलं, "का थांबलाव, आबा?" आई माझ्यावर डोळे वटारणार तोच आबा म्हणाले, "दगड लागला." मी म्हटलं, तितं दगड कुठं होता? ते म्हणाले, "मला लागला."

पुढच्या चैत्रात नाना पुन्हा विचारायला आले. अंगणात उभं राहून म्हणाले, यंदाही तसंच करू, परीक्षकांना आवडलं होतं. आबांनी खोकला आहे म्हणून सांगितलं. तो खोकला खराच होता, आणि पुढे तो वाढतच गेला, पण त्या वर्षी तो एवढा नव्हता. आबा पुन्हा मंचावर चढले नाहीत. अंगणात काठी कधी टेकवली नाही. ते ड्रम गावाने पुढची कितीतरी वर्षं वापरले.

मी शिकले, मास्तरीण झाले, कळंबच्या बाजूला नोकरी केली, लग्न झालं, संसार झाला. एका नाट्यप्रशिक्षणाला गेले तेव्हा तिथल्या बाईंनी फळ्यावर नऊ खण काढले आणि मी वर्गातून उठून बाहेर गेले. त्यांना वाटलं, मला चक्कर आली. देऊळ आता नवं झालं आहे, पुढे सिमेंटचा रंगमंच आहे, वर गुळगुळीत फरशी. आमच्या वाडीतली पोरं त्यावर नाचतात, कुणी अडवत नाही. फरशीखाली दगड कुठे संपतो हे आता कुणाला सांगता येणार नाही. चांगलं झालं. पण चांगलं झालं म्हणताना माझा आवाज कोरडा येतो, त्याला माझा इलाज नाही.

आबा शेवटी खाटेला लागले तेव्हा छातीचा नुसता पिंजरा उरला होता. डॉक्टरांनी विचारलं, कुठल्या रसायनाशी संबंध आला, तेव्हा आबांनी लसणीचा, सडक्या आंब्याचा असे वास सांगितले. डॉक्टरांनी कागदावर काहीच लिहिलं नाही. मी रजा टाकून घरी राहिले होते. आई तोवर गेली होती. एका दुपारी बाहेर मोटारसायकल थांबली आणि नातवाच्या खांद्याला धरून नाना आत आले. ऐंशीच्या पुढचे, धोतराच्या जागी पायजमा, पण खिशाला शाईचा डाग तसाच. काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी होतं. नातू बाहेर थांबला. आमच्या घराच्या आत ते पहिल्यांदाच येत होते. आबांची खाट समोरच्या भिंतीला होती. नाना उंबरठ्यापासून दोन पावलं आले आणि उभे राहिले. त्यांनी कागद सोडला. ढाल होती. पितळ काळं पडलं होतं.

"सदाभाऊ," ते म्हणाले. त्यांनी आबांना कधी सदाभाऊ म्हटलं नव्हतं. "ही तुमची आहे. मी त्या दिवशी बोलायला हवं होतं."

आबांनी ढालीकडे पाहिलंच नाही. हात उचलून त्यांनी उशाजवळची जागा थोपटली. धाप लागत होती, तरी शब्द स्वच्छ आले. "नाना, आदी हितं या. उशाशी बसा."

नाना बसतो, बसतो म्हणाले. एक पाय पुढे टाकला. मग त्यांचा चेहरा वेडावाकडा झाला आणि ते रडायला लागले, म्हाताऱ्या माणसांना रडू आवरत नाही तसे. ढाल त्यांनी जिथे उभे होते तिथेच जमिनीवर टेकवली, हात जोडले आणि भिंत धरत धरत बाहेर निघून गेले. ते शिवाशिवीपायी थांबले असतील असं मला वाटत नाही, तो काळ केव्हाच मागे पडला होता. त्यांना पुढे यायची लाज वाटली असावी. पण आबांचा हात उशाजवळ तसाच राहिला, आणि मोटारसायकलचा आवाज ऐकू येईनासा झाल्यावर त्यांनी तो हळूच उचलून छातीवर घेतला.

"नाय आले," ते म्हणाले. मला त्यांचं वाईट वाटलं, नानांचंही वाटलं. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "सुमे, बघ गं. तितं आडवं काय हाय?"

मी बघितलं. सारवलेली जमीन, तिच्यावर एक चटई, पाण्याचा तांब्या कडेला. खाटेपर्यंत चार पावलं. म्हटलं, "काय नाय, आबा."

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं झोप लागली. मग डोळे न उघडताच, कुणावर रागावून नव्हे, मनातली एक गोष्ट सहज सांगावी तसे ते म्हणाले, "मला बी तवा कुनी येवढं सांगितलं आसतं, का काय नाय तितं, तर मी गेलो आसतो."

त्या दिवशी पुस्तक माझ्या हातात होतं.